इंडस्ट्री पॅनलला जायचंय? ठाणे-नवी मुंबईच्या सिनेमावेड्यांसाठी पूर्वतयारी

फिल्म फेस्टिव्हलचं वेळापत्रक आलं की आपण सगळे आधी सिनेमांच्या नावांवर खुणा करत सुटतो. मास्टरक्लास, पॅनल, ओपन फोरम हे रकाने बरेच जण वाचतही नाहीत. 'ते इंडस्ट्रीवाल्यांचं' म्हणून सोडून देतात. मला हे अजिबात पटत नाही. जो माणूस वर्षभर पदरचे पैसे आणि झोप घालून सिनेमे बघतो, त्याने महोत्सवात दिवसाला निदान एक पॅनल ऐकावंच. आवडलेला मराठी सिनेमा घोडबंदर रोडच्या किंवा वाशीच्या मल्टिप्लेक्समधून दुसऱ्याच शुक्रवारी गायब का होतो, हे पडद्याकडे बघून कळत नाही. ते पॅनलच्या खोलीत कळतं. मात्र तयारी न करता गेलात, तर तासभर एमजी, सेल्स एजंट, प्रीमियर स्टेटस असे शब्द कानांवरून जातात आणि हाती काही लागत नाही.

आधी आपल्यासाठी कुठली दारं उघडी आहेत ते बघू. महोत्सवाचा एक भाग प्रेक्षकांसाठी असतो आणि दुसरा बाजाराचा. गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो, साधारण २० ते २८ नोव्हेंबर या काळात. तिथले मास्टरक्लास आणि गप्पांचे कार्यक्रम पणजीच्या कला अकादमीत होतात आणि त्यांना साधं डेलिगेट कार्ड, म्हणजे प्रेक्षक म्हणून नोंदणी केल्यावर मिळणारं ओळखपत्र, पुरतं. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने (एनएफडीसी) २००७ मध्ये सुरू केलेला फिल्म बाजार मात्र स्वतंत्र आहे. आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालंय. त्याची नोंदणी वेगळी आणि फीही डेलिगेट कार्डापेक्षा कितीतरी जास्त. निर्मितीसाठी भागीदार शोधणं (को-प्रॉडक्शन मार्केट), खरेदीदारांना सिनेमे दाखवणं (व्ह्यूइंग रूम), अपुऱ्या सिनेमांवर जाणकारांचा सल्ला घेणं (वर्क-इन-प्रोग्रेस लॅब) ही कामं तिथे चालतात. डेलिगेट कार्ड गळ्यात घालून त्या दारात उभं राहिलं तर परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. निव्वळ रसिकाने बाजाराच्या बॅजवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिथला खरा व्यवहार आधी वेळ ठरवून, टेबलावर समोरासमोर बसून होतो. त्या टेबलाशी तिसऱ्या माणसाला जागा नसते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने सुरुवात मिफपासून करावी. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा हा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो, मुंबईत पेडर रोडवर, जुन्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. माहितीपट निर्मात्यांची संघटना आयडीपीए इथे ओपन फोरम भरवते. माहितीपटात ग्लॅमर कमी, त्यामुळे खोलीत गर्दी कमी आणि बोलणं मोकळं. पैसे कुठून आणले, चॅनलने किती मिनिटं कापायला सांगितली, संग्रहातल्या जुन्या फुटेजचे हक्क मिळवताना काय अडलं, हे तिथे नावानिशी बोललं जातं. त्याच आवारात गुलशन महालात २०१९ मध्ये उघडलेलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. दोन कार्यक्रमांत तास-दीड तासाचं अंतर पडलं तर तिथे जा. फक्त सोमवारी ते बंद असतं.

मराठीत पॅनल ऐकायची असतील तर जानेवारीतला पुण्याचा पिफ हा महोत्सव उत्तम. मुंबईचा मामी महोत्सव साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, पण दरवर्षी होईलच असं धरून रजा टाकू नका. २०२५ मध्ये तो झाला नाही. हॉटेलांत होणाऱ्या मीडिया परिषदा हा निराळा प्रकार आहे. त्यांची फी कंपन्या भरतात, आपण त्या नादाला लागू नये.

नोंदणी करताना दोन गोष्टींवर अडतं. पहिली वयाची. महोत्सवातले सिनेमे बहुतेकदा सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय दाखवतात, त्यासाठी माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडून सूट घेतलेली असते. ही सूट नोंदणी केलेल्या डेलिगेटांपुरती असते, सर्वसाधारण तिकीटविक्रीसाठी नसते. म्हणूनच ओळखपत्र, फोटो आणि १८ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा मागतात. दारावरचा स्वयंसेवक अडून बसला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, नियम त्याने केलेला नाही. दुसरी गोष्ट वर्गवारीची. सिनेरसिक, व्यावसायिक, विद्यार्थी असे पर्याय असतात. व्यावसायिक लिहिलं की सभासदत्वाचा किंवा कामाचा पुरावा अपलोड करावा लागतो, आणि तो नसला की अर्ज लटकतो. बहुतेक मास्टरक्लासना रसिकाचं कार्डही चालतं, तेव्हा खोटं लिहिण्याची गरजच नाही. अर्जातलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. कार्ड घ्यायला पहिल्या दिवशी सकाळी जाऊ नका, आदल्या दिवशी खिडकी उघडी असेल तर तेव्हाच घेऊन टाका. उद्घाटनाच्या सकाळची रांग तुमचं पहिलं पॅनल खाऊन टाकते.

आता कुठलं पॅनल निवडायचं? शीर्षकाकडे बघू नका, माणसं मोजा. तासाभराचं सत्र धरा. सुरू व्हायला आणि पुष्पगुच्छ, ओळखी उरकायला पंधरा मिनिटं जातात. शेवटची दहा मिनिटं प्रश्नोत्तरांची. उरली पस्तीस. मंचावर पाच जण आणि सूत्रसंचालक असला तर माणशी जेमतेम सहा मिनिटं येतात. सहा मिनिटांत कोणीही हातचं राखूनच बोलतो. 'भारतीय सिनेमाचं भविष्य' असं नाव, सहा वक्ते आणि त्यातले दोन कंपन्यांचे मोठे अधिकारी, असं पॅनल खुशाल सोडा आणि त्या वेळात सिनेमा बघा. याउलट एक पाहुणा, एक जाणकार प्रश्नकर्ता आणि एकच विषय असला की सोन्याहून पिवळं. ध्वनी, संकलन, कलर ग्रेडिंग, जुन्या सिनेमांचं जतन, वितरण, महोत्सवासाठी सिनेमांची निवड हे विषय रसिकाला सर्वांत जास्त देऊन जातात. त्यातही मी वितरक आणि महोत्सवाचे प्रोग्रामर, म्हणजे सिनेमे निवडणारे, यांना वरचा क्रमांक देईन. दिग्दर्शकाच्या मुलाखती वर्षभर वाचायला मिळतात, पण 'हा सिनेमा आम्ही का घेतला नाही' हे सांगणारा माणूस वर्तमानपत्रात भेटत नाही.

प्रायोजकाचं नावही वाचा. पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीने घडवून आणलेल्या पॅनलमध्ये त्यांचंच सॉफ्टवेअर सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर ठरतं. तिथेही शिकण्यासारखं असतं, फक्त जाहिरात कुठे संपते आणि अनुभव कुठे सुरू होतो हे आपण ओळखायचं.

घरून करून जायचा अभ्यास थोडा आहे, पण तो केलाच पाहिजे. सगळ्यात आधी तिकिटाच्या पैशाचं गणित. समजा ठाण्यात तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलं. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटाला फक्त ५ टक्के आहे, पण मल्टिप्लेक्समध्ये ते दर कितीसे असतात! उरले २०० रुपये. याला नेट म्हणतात. कर धरून सांगितलेला आकडा ग्रॉस. पोस्टरवर 'इतके कोटी' छापलेलं असतं तेव्हा ते ग्रॉस की नेट, हा पहिला प्रश्न. पुढे निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये संप झाला आणि तो मिटताना वाटणीचं एक सूत्र ठरलं. वितरकाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३०. म्हणजे तुमच्या २३६ रुपयांतले पहिल्या आठवड्यात १०० रुपये वितरकाकडे जातात, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५, चौथ्यात ६०. वितरक त्यातून आपलं कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वळता करून घेतो. उरेल ते निर्मात्याचं. एकपडदा थिएटरांचे करार वेगळे असतात, आणि मोठ्या सिनेमांच्या अटीही वेगळ्या ठरू शकतात.

हे गणित डोक्यात असलं की पॅनलमधलं अर्धं बोलणं आपोआप उलगडतं. मराठी निर्माता पहिल्या तीन दिवसांसाठी एवढा जिवाचा आटापिटा का करतो? कारण त्याचा वाटा तेव्हा सर्वांत मोठा असतो. आणि 'लोकांनी तोंडी प्रसिद्धी केली की सिनेमा चालेल' ही आशा चिवट असली तरी तिची किंमत आठवड्यागणिक घटत जाते. शिवाय पुढच्या शुक्रवारचे शो साधारण सोमवार ते बुधवार या दिवसांत ठरतात. शनिवार-रविवारचे आकडे थिएटरवाल्यांच्या समोर असतात. तुम्ही 'पुढच्या आठवड्यात निवांत बघू' म्हणालात, तर तो निवांतपणा त्या आकड्यांत तुमच्या विरुद्ध मोजला गेलेला असतो. खात्री करायची असेल तर बुधवारी रात्री तिकीट ॲपवर एखाद्या मराठी सिनेमाचे ठाण्यातले आणि नवी मुंबईतले शो मोजा, किती वाजताचे आहेत तेही टिपा, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा मोजा. सकाळी पावणेअकराचा एकच शो उरलेला दिसला, तर त्या वेळी नोकरदार माणूस कुठे असतो हे कोणाला विचारायला नको. हा कागद पॅनलला सोबत न्या.

दुसरा अभ्यास प्रीमियरचा. सिनेमा जगात सर्वप्रथम दाखवला तो वर्ल्ड प्रीमियर. मायदेशाबाहेर पहिल्यांदा दाखवला तो इंटरनॅशनल प्रीमियर. मग आशिया, भारत असे खालचे टप्पे. मोठ्या महोत्सवांच्या स्पर्धा विभागांना वरचा टप्पा हवा असतो. त्यामुळे एखादा निर्माता छोट्या महोत्सवाचं आमंत्रण नाकारून महिनोन्महिने थांबतो. एकदा दाखवलं की ते स्टेटस परत मिळत नाही. 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ च्या सुरुवातीला दाखवला गेला आणि तिथे जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आला. आपल्याकडच्या थिएटरांत तो सप्टेंबरमध्ये लागला. मधल्या महिन्यांत सिनेमा कुठे होता, असं लोक चिडून विचारतात. तो काळ इतर महोत्सवांचा, विक्रीच्या बोलण्यांचा आणि वितरक ठरवण्याचा असतो. प्रोग्रामरांच्या पॅनलमध्ये हीच साखळी वेगवेगळ्या सिनेमांच्या उदाहरणांनी उलगडते.

तिसरा को-प्रॉडक्शनचा, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या निर्मितीचा. सिनेमाच्या सुरुवातीला चार-पाच देशांच्या निधींची नावं येतात आणि आपण कंटाळतो. त्यामागचं कारण कळलं की तीच पाटी वाचावीशी वाटते. २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रँड प्री मिळवलेला, मुंबई आणि रत्नागिरी परिसरात चित्रित झालेला 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' हा भारताबरोबर फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग अशा देशांच्या भागीदारीत उभा राहिला. युरोपातले बरेच निधी पैसे देताना अट घालतात की दिलेल्या रकमेचा ठरावीक भाग आमच्या देशात खर्च झाला पाहिजे. म्हणून संकलन एका देशात, ध्वनी दुसऱ्या देशात, असं काम वाटलं जातं. पॅनलमध्ये कोणी 'रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड' म्हणालं तर तो नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाशी जोडलेला निधी आहे एवढं माहीत असू द्या. भारतानेही परदेशी चित्रीकरणासाठी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपयांचं प्रोत्साहन २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यावर इफ्फीत बोललं जातं. मराठी निर्मात्याच्या तोंडी मात्र राज्य सरकारचं अनुदान जास्त येतं. सिनेमा तयार झाल्यावर परीक्षण समिती दर्जा ठरवते आणि त्यावर रक्कम ठरते. म्हणजे आधी कर्ज काढून सिनेमा पुरा करायचा, मग वाट बघायची. 'व्याज' हा शब्द मराठी पॅनलमध्ये इतक्यांदा का ऐकू येतो, याचं उत्तर यात आहे.

एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी. सिनेमा चालो न चालो, वितरक किंवा सेल्स एजंट हक्कांच्या बदल्यात आधीच देतो ती ठरावीक रक्कम. सेल्स एजंट परदेशांतले हक्क प्रांताप्रांताने विकतो आणि टक्केवारी घेतो. कोणी म्हणालं 'आम्हाला सेल्स एजंट मिळाला', तर पुढचा प्रश्न मनात तयार ठेवा: एमजी मिळाली की नुसत्या कमिशनवर? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता थोडं तांत्रिक, कारण महोत्सवात शो उशिरा सुरू होतो किंवा रद्द होतो तेव्हा प्रेक्षक नको त्या माणसांवर ओरडतात. थिएटरात सिनेमा डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) या स्वरूपात येतो. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवलेली असते, आणि चित्राच्या डेटाचा वेग सेकंदाला २५० मेगाबिटांपर्यंत जाऊ शकतो. नव्वद मिनिटांचा सिनेमा त्या कमाल वेगाने धरला तर १७० जीबीच्या आसपास भरतो. एवढी फाइल थिएटरच्या सर्व्हरवर चढवायला वेळ लागतो, ऐनवेळी पेनड्राइव्ह लावून काम होत नाही. त्यावर कुलूप असतं आणि त्याची किल्ली म्हणजे केडीएम (की डिलिव्हरी मेसेज). ही किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच बनवलेली असते. त्यामुळे गर्दी वाढली म्हणून आयोजकांनी शो दोन नंबरच्या स्क्रीनवरून चार नंबरला हलवला, तर चार नंबरच्या सर्व्हरची किल्ली नसते. ती बनवणारी लॅब युरोपात असली तर आपल्या सकाळच्या शोला तिथे पहाट असते आणि फोन कोणी उचलत नाही. शो सुरू व्हायला उशीर होऊन किल्लीची मुदत संपली तरीही तेच. सबटायटल गायब होणं हाही नेहमीचा प्रकार. सबटायटलची वेगळी आवृत्ती असते आणि प्लेलिस्टमध्ये चुकून दुसरी निवडली जाते. असं दिसलं तर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन स्वयंसेवकाला नेमकं सांगा, 'इंग्रजी सबटायटल येत नाहीत, दुसरी आवृत्ती आहे का बघा'. वीस मिनिटांनी सांगितलं तर सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावायला वेळ उरत नाही. प्रदर्शन-तंत्रावरचं पॅनल कधी असलं तर चुकवू नका. तिथे बहुधा पंधरा-वीसच माणसं असतात आणि प्रोजेक्शनवाले मनापासून सांगतात.

पॅनलच्या खोलीत वीस मिनिटं आधी पोहोचा. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखलेल्या असतात, तिथे बसून उठवून घेऊ नका. मधल्या वाटेच्या कडेची, तिसरी-चौथी रांग घ्या. प्रश्नोत्तरांत फिरता माइक त्या वाटेनेच येतो, भिंतीकडच्या माणसापर्यंत पोहोचेतो वेळ संपते. एसी कडक असतो, शाल किंवा जर्किन जवळ असू द्या. फोनवर अख्खं सत्र रेकॉर्ड करू नका. बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आणि जिथे नसते तिथेही कॅमेरे दिसले की बोलणारा आवरतं घेतो. वहीच बरी. पानाचे दोन भाग करा. डावीकडे नुसती नावं आणि आकडे: माणूस, सिनेमा, निधी, रक्कम, वर्ष. उजवीकडे म्हणणं. प्रत्येक म्हणण्यापुढे एक अक्षर: 'अ' म्हणजे स्वतःचा अनुभव, 'म' म्हणजे मत, 'ज' म्हणजे जाहिरात. घरी आल्यावर डावीकडची नावं शोधायची. ज्या आकड्याला दुसरीकडे कुठेच दुजोरा नाही तो खोडायचा नाही, पण कोणाला ठामपणे सांगायचाही नाही.

प्रश्न विचारणं हा सगळ्यात नाजूक भाग. बहुतेक पॅनल प्रश्नोत्तरांतच बिघडतं. कोणी उठून पाच मिनिटं स्वतःची पटकथा सांगतो, कोणी काम मागतो, कोणी 'माझा प्रश्न नाही, एक कॉमेंट आहे' म्हणून भाषण ठोकतो. वीस सेकंदांत मावेल एवढाच प्रश्न विचारा. आधी वहीत पूर्ण वाक्य लिहा आणि ते वाचून दाखवा, यात कमीपणा काही नाही. 'मराठी सिनेमाला चांगले दिवस कधी येणार?' या प्रश्नाला मंचावरून फक्त 'प्रेक्षकांनी यावं' एवढंच उत्तर येऊ शकतं. त्याऐवजी असं विचारा: 'तुमच्या सिनेमाला ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात पहिल्या आठवड्यात किती शो होते आणि दुसऱ्या आठवड्यात किती राहिले? ते कमी करण्याचा निर्णय कोणत्या दिवशी तुम्हाला कळला?' यात आकडा आहे, जागा आहे, वेळ आहे. बोलणाऱ्याला टाळताही येत नाही आणि टाळावंसंही वाटत नाही, कारण समोरच्याला विषय कळतो हे त्याच्या लक्षात येतं. तुम्ही मोजून आणलेला शोंचा कागद इथे कामाला येतो.

भाषेचा संकोच नको. इफ्फी आणि मिफमध्ये मंचावर बहुतांशी इंग्रजी चालते, पण प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचारला तर कोणी हरकत घेत नाही. वक्ता परदेशी असेल तर सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा, तो भाषांतर करतो. मोडक्या इंग्रजीतल्या लांब प्रश्नापेक्षा स्वच्छ मराठीतला छोटा प्रश्न सगळ्यांनाच सोपा जातो.

सत्र संपल्यावर मंचाकडे धाव घेणाऱ्या घोळक्यात शिरू नका. वक्ता बाहेर चहाला येतोच. तिथे एक वाक्य बोला, त्याच्या कामातल्या नेमक्या गोष्टीबद्दल. आणि कृपा करून कोणाच्या हातात पटकथा, पेनड्राइव्ह, सारांश काहीही देऊ नका. न मागितलेली कथा वाचली आणि पुढे त्यांच्या एखाद्या सिनेमात साम्य निघालं तर कोर्टकचेरी होते, म्हणून निर्मितीसंस्था असे कागद हातातही घेत नाहीत. तुमच्याकडे खरंच पटकथा असेल तर ती आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि पटकथा लॅबच्या, म्हणजे पटकथा-कार्यशाळेच्या, अर्जाच्या रीतसर वाटेने जा.

सिनेमा आणि पॅनल एकाच वेळी आले तर काय सोडायचं? इफ्फीच्या मास्टरक्लासची चित्रफीत बहुधा यूट्यूबवर येते. नावाजलेल्या पाहुण्याचं मोठं सत्र असेल तर खुशाल सिनेमाला जा आणि ते नंतर घरी बघा. छोट्या खोलीतलं, कॅमेरा नसलेलं सत्र मात्र एकदाच घडतं. तिथे पॅनलच निवडा.

राहता राहिला प्रवास. पेडर रोडला ठाण्याहून जलद लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धीमी पकडून ग्रँट रोड किंवा महालक्ष्मी आणि पुढे टॅक्सी. वाशी-नेरूळकडच्यांनी हार्बरने कुर्ला, मग मध्य रेल्वेने दादर आणि पुढे तोच मार्ग. कुर्ल्याच्या पुलावर सकाळी सव्वानऊला दहा-पंधरा मिनिटं जातात ती हिशेबात धरा. वर्सोवा-अंधेरीकडे कार्यक्रम असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो. रात्री परतताना मेट्रोची शेवटची गाडी लोकलच्या शेवटच्या गाडीआधीच निघून जाते, त्यामुळे नऊनंतरचं सत्र निवडताना एम-इंडिकेटर आधी उघडा.

गोव्यासाठी रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. २० नोव्हेंबरचा महोत्सव म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिकीट काढायला बसायचं. वेळापत्रक तोवर जाहीर झालेलं नसतं, तरीही काढा, नंतर वेटिंगशिवाय काही मिळत नाही. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही ठाण्याला आणि पनवेलला थांबतात, आणि पणजीसाठी मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरायचं. पणजीत कला अकादमी आणि आयनॉक्स चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पर्वरीचा पडदा मात्र मांडवी नदीच्या पलीकडे. कला अकादमीतलं सत्र आणि पर्वरीतला सिनेमा यांच्यात निदान तासाभराचं अंतर ठेवा, पुलावर संध्याकाळी वाहनं खोळंबतात. आणि कोकणकन्येचं तिकीट पनवेलहून काढणाऱ्यांनी तारीख दोनदा बघा. ही गाडी ठाण्याला मध्यरात्रीच्या आधी येते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर. १९ तारखेच्या रात्री घरून निघणाऱ्या पनवेलकराच्या तिकिटावर २० तारीख असायला हवी.